रिफ्लेक्शनद्वारे रनटाइमला जेनेरिक क्लासच्या इन्स्टन्सची निर्मिती : एक चिकित्सा

सारांश : जेनेरिक क्लास आणि रिफ्लेक्शन हे दोन घटक आपल्या अभ्यासक्रमांत स्वतंत्रपणे शिकविले जातात. ज्या ठिकाणी हे दोन घटक एकत्र येतात, म्हणजेच आज्ञावली चालू असताना जेनेरिक क्लासचा इन्स्टन्स निर्माण करावा लागतो, त्या ठिकाणी कंपायलरने दिलेली सुरक्षिततेची हमी संपते आणि तिची जबाबदारी प्रोग्रॅमरकडे येते. जावा व डॉटनेट या दोन व्यवस्थांनी या प्रश्नाला दिलेल्या भिन्न उत्तरांची तुलना करून, हे तंत्र केवळ 'युक्ती' म्हणून शिकविण्याच्या प्रथेची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

बीजसंज्ञा : जेनेरिक क्लास, रिफ्लेक्शन, रनटाइम, प्रकार-विलोपन, कन्स्ट्रक्टर, अध्यापन.

१. प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या पदवी व पदव्युत्तर अध्यापनात जावा आणि सी शार्प या दोन भाषांना गेल्या दोन दशकांत महत्त्वाचे स्थान प्राप्त झाले आहे. या भाषा शिकविताना 'जेनेरिक्स' हा एक घटक व 'रिफ्लेक्शन' हा दुसरा घटक अशी विभागणी सामान्यतः केली जाते. प्रश्नपत्रिकेच्या दृष्टीने ही विभागणी सोयीची असली, तरी प्रत्यक्ष आज्ञावली लिहिताना ती टिकत नाही.

जेनेरिक क्लास म्हणजे ज्याच्या व्याख्येत एक प्रकार मोकळा सोडलेला आहे असा क्लास होय. 'भांडार' नावाचा एक क्लास लिहावा आणि त्यात काय साठवायचे ते पुढे ठरवावे, म्हणजे 'भांडार<विद्यार्थी>', 'भांडार<पुस्तक>' अशी त्याची रूपे सिद्ध होतात. विद्यार्थ्यांच्या भांडारात पुस्तक टाकण्याचा प्रयत्न झाल्यास कंपायलर आज्ञावली चालण्यापूर्वीच ती अडवितो. रिफ्लेक्शन म्हणजे आज्ञावलीने चालू असताना स्वतःच्याच घडणीची चौकशी करणे : कोणते क्लास आहेत, त्यांत कोणत्या पद्धती व कन्स्ट्रक्टर आहेत हे विचारणे आणि त्या माहितीच्या आधारे ऑब्जेक्ट निर्माण करणे. पहिल्या संकल्पनेचा सारा भर आधी ठरविण्यावर आहे, तर दुसरीचा भर नंतर ठरविण्यावर आहे. या दोहोंचा संयोग झाल्यावर काय घडते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रश्न एका उदाहरणाने स्पष्ट करता येईल. समजा, किनवटसारख्या तालुक्याच्या गावातील महाविद्यालयाच्या ग्रंथालयासाठी विद्यार्थ्यांनी एक आज्ञावली तयार केली. तिच्यात 'भांडार' हा जेनेरिक क्लास आहे, आणि कोणत्या नोंदींचे भांडार उघडायचे हे एका मजकूर-फाइलमध्ये लिहिलेले आहे. आज तेथे 'पुस्तक' असे लिहिलेले आहे, उद्या ग्रंथपालांच्या मागणीनुसार 'नियतकालिक' असे लिहिले जाईल. आज्ञावलीच्या हाती येते ते केवळ एक नाव, म्हणजे अक्षरांची एक ओळ. या ओळीवरून 'भांडार<नियतकालिक>' हा इन्स्टन्स कसा घडवायचा? आणि तो घडविल्यावर त्यावर कितपत विश्वास ठेवायचा? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सहज मिळते. दुसरा प्रश्न मात्र बहुधा विचारलाच जात नाही.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

प्रकार मोकळा ठेवून आज्ञावली लिहिण्याची कल्पना जावा व सी शार्प यांच्यापेक्षा जुनी आहे. १९७० च्या दशकात बार्बरा लिस्कॉव्ह यांच्या 'क्लू' या भाषेत ती आढळते. रॉबिन मिल्नर यांनी १९७८ मध्ये प्रकारांच्या बहुरूपतेचा सिद्धान्त मांडला. १९८३ च्या 'एडा' भाषेत जेनेरिक घटक होते आणि पुढे सी प्लस प्लसमध्ये टेम्प्लेट्स आले. टेम्प्लेटचे प्रत्येक रूप कंपाइल करतानाच घडते. त्यामुळे आज्ञावली चालू झाल्यावर नवे रूप घडविण्याचा प्रश्न तेथे उद्भवत नाही. रिफ्लेक्शनची सैद्धान्तिक मांडणी ब्रायन कँटवेल स्मिथ यांनी १९८२ मधील आपल्या प्रबंधात केली. एखादी व्यवस्था स्वतःविषयी विचार करू शकेल काय, असा त्यांचा मूळ प्रश्न होता.

जावामध्ये रिफ्लेक्शन १९९७ मध्ये १.१ या आवृत्तीत आले. जेनेरिक्सचा प्रस्ताव त्यानंतर, १९९८ मध्ये गिलाड ब्राचा, मार्टिन ओडरस्की, डेव्हिड स्टाउटमायर व फिलिप वॅडलर यांनी 'जीजे' या नावाने मांडला आणि २००४ च्या जावा ५ मध्ये तो भाषेचा भाग झाला. डॉटनेटसाठी अँड्र्यू केनेडी व डॉन साइम यांनी २००१ मध्ये वेगळा आराखडा प्रसिद्ध केला. २००५ मध्ये डॉटनेट २.० व सी शार्प २.० यांच्यासह तो व्यवहारात आला. म्हणजे दोन्ही व्यवस्थांत रिफ्लेक्शन आधी आणि जेनेरिक्स नंतर असा क्रम आहे. नंतर आलेल्या संकल्पनेने आधीच्या संकल्पनेशी कसे जुळवून घेतले, यावरच या विषयाचे पुढील स्वरूप ठरले.

३. जावा : विलोपनाचा मार्ग

जावाने स्वीकारलेला मार्ग प्रकार-विलोपनाचा आहे. कंपायलर मोकळ्या प्रकाराची तपासणी पूर्ण करतो आणि नंतर तो पुसून टाकतो. आज्ञावली चालू असताना 'भांडार<विद्यार्थी>' आणि 'भांडार<पुस्तक>' यांचा क्लास विचारला, तर दोन्हींचे उत्तर एकच येते : 'भांडार'. किनवटलगतच्या आदिलाबाद परिसरातील ओझा कारागिरांची धातुकला येथे आठवते. मेणाने दिलेला आकार धातूत उतरतो. परंतु ओतकामात मेण वितळून जाते आणि त्याच मेणावरून दुसरी मूर्ती ओतता येत नाही. याउलट, वीटभट्टीवरील लाकडी साचा प्रत्येक विटेनंतर कारागिराच्या हाती शिल्लक राहतो. जावाचे जेनेरिक्स मेणासारखे आहे, तर डॉटनेटचे विटेच्या साच्यासारखे.

विलोपनाचे परिणाम दूरगामी आहेत. जेनेरिक क्लासच्या आत मोकळ्या प्रकाराचा नवा ऑब्जेक्ट किंवा त्या प्रकाराचा ॲरे थेट निर्माण करता येत नाही, कारण तो प्रकार कोणता हे त्या क्षणी कोणासच ठाऊक नसते. यावर उपाय म्हणून त्या प्रकाराचा 'क्लास' ऑब्जेक्ट बाहेरून पुरवावा लागतो आणि त्याच्या कन्स्ट्रक्टरला रिफ्लेक्शनद्वारे पाचारण करावे लागते. यासाठी दीर्घकाळ वापरली गेलेली 'न्यूइन्स्टन्स' ही थेट पद्धत २०१७ मधील जावा ९ मध्ये त्याज्य ठरविण्यात आली. तिचा दोष चिंतनीय आहे : कन्स्ट्रक्टरमध्ये उद्भवलेली आणि कंपायलरने तपासावयाची त्रुटी ती तपासणीला चुकवून बाहेर येऊ देत असे. सुरक्षिततेला पडलेले हे छिद्र भाषेच्या अधिकृत ग्रंथालयातच वीस वर्षे होते.

जावात प्रकाराची माहिती सर्वत्र नष्ट होते असे मात्र नाही. क्लासच्या व्याख्येत, क्षेत्रांच्या घोषणेत आणि मूळ क्लासच्या उल्लेखात ती फाइलमध्ये जतन होते. याचाच उपयोग करून नील गाफ्टर यांनी २००६ मध्ये 'सुपर टाइप टोकन' ही क्लृप्ती सुचविली : निनावी उपक्लास निर्माण करावा आणि त्याच्या मूळ क्लासच्या उल्लेखातून प्रकार वाचावा. जीसन, जॅक्सन यांसारख्या ग्रंथालयांनी हीच पद्धत अंगीकारली. परंतु येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. या क्लृप्तीने प्रकार आपणास कळतो. निर्माण झालेल्या ऑब्जेक्टला तो कळत नाही. चुकीची वस्तू आत टाकली गेली, तर टाकताना तक्रार होत नाही. ती होते वस्तू बाहेर काढताना, कदाचित दुसऱ्याच फाइलमध्ये आणि कदाचित अनेक दिवसांनी. चूक एकीकडे आणि तिचा दंड दुसरीकडे, हे विलोपनाचे खरे मूल्य आहे. जावा ५ मध्येच आत टाकताना तपासणी करणारे 'चेक्ड' संग्रह देण्यात आले, यावरून भाषेच्या रचनाकारांनाही या उणिवेची जाणीव होती असे दिसते.

तथापि विलोपनाला केवळ दोष देणे अन्यायाचे होईल. २००४ पर्यंत जावातील अगणित आज्ञावल्या जगभर कार्यरत होत्या. जुनी आज्ञावली आणि नवे जेनेरिक ग्रंथालय परस्परांशी बोलू शकले पाहिजेत, ही अट मान्य केल्यावर विलोपन हा समंजस तोडगा ठरतो. डॉटनेटचा जन्म २००२ चा असल्याने त्याच्यावर भूतकाळाचे ओझे कमी होते. रनटाइमच बदलण्याचे स्वातंत्र्य त्याला घेता आले.

४. डॉटनेट : जतनाचा मार्ग

डॉटनेटच्या रनटाइमला जेनेरिक प्रकार प्रत्यक्ष ठाऊक असतो. 'भांडार<विद्यार्थी>' आणि 'भांडार<पुस्तक>' हे तेथे दोन वेगळे प्रकार आहेत. म्हणूनच 'भांडार' ची मोकळी व्याख्या हाती घेऊन, 'मेकजेनेरिकटाइप' या पद्धतीने तिच्यात 'नियतकालिक' हा प्रकार भरून, सिद्ध झालेला प्रकार 'ॲक्टिव्हेटर' क्लासच्या 'क्रिएटइन्स्टन्स' पद्धतीकडे सोपविला की इन्स्टन्स तयार होतो. एकूण तीन पायऱ्या : व्याख्या शोधणे, ती भरणे, इन्स्टन्स घडविणे. शिवाय रनटाइम येथे पहाराही देतो. व्याख्येत घातलेली अट भरलेला प्रकार पूर्ण करीत नसेल, किंवा प्रकारांची संख्या चुकली असेल, तर दुसऱ्या पायरीवरच त्रुटी उद्भवते. इन्स्टन्स घडण्यापूर्वीच दोष उघड होणे ही जावाच्या तुलनेत निश्चितच जमेची बाजू आहे.

एक गोष्ट विशेष उल्लेखनीय आहे. सी शार्पमध्ये जेनेरिक क्लासवर 'कन्स्ट्रक्टर असला पाहिजे' अशी अट घालून मोकळ्या प्रकाराचा नवा ऑब्जेक्ट सरळ निर्माण करता येतो. परंतु कंपायलर या साध्या दिसणाऱ्या विधानाचे रूपांतर 'ॲक्टिव्हेटर' क्लासच्याच पाचारणात करतो. आपण रिफ्लेक्शन वापरीत नाही अशी ज्याची समजूत आहे, तोही येथे पडद्याआड त्याच यंत्रणेवर विसंबून असतो.

५. 'तीन पायऱ्यां'ची चिकित्सा

वरील तीन पायऱ्या फळ्यावर सहज मावतात आणि बहुधा त्या तशाच शिकविल्या जातात. अडचण अशी की, प्रत्येक पायरीखाली एक गृहीतक दडलेले आहे.

पहिले गृहीतक नावाचे. मेटाडेटामध्ये जेनेरिक क्लासच्या नावापुढे बॅकटिक हे चिन्ह व मोकळ्या प्रकारांची संख्या जोडलेली असते. फाइलमध्ये नुसते 'भांडार' असे लिहिले, तर शोध व्यर्थ ठरतो. या शोधपद्धतीच्या साध्या रूपात त्रुटीही येत नाही, केवळ रिक्त मूल्य परत येते. हे मूल्य न तपासता पुढे गेल्यास पुढची पायरी कोसळते आणि नवशिक्या विद्यार्थी चूक तेथेच शोधत राहतो.

दुसरे गृहीतक कन्स्ट्रक्टरचे. घटकविरहित सार्वजनिक कन्स्ट्रक्टर असेलच असे आपण धरून चालतो. उद्या एखाद्या सहकाऱ्याने 'भांडार' ला एक आवश्यक घटक जोडला, तर ज्या ज्या ठिकाणी इन्स्टन्स थेट निर्माण केला आहे त्या साऱ्या ठिकाणी कंपायलर तक्रार करील. रिफ्लेक्शनच्या ठिकाणी मात्र तो मौन पाळील. ते मौन भंगते ग्रंथपालांच्या टेबलावर. तसेच कन्स्ट्रक्टरच्या आत उद्भवलेली त्रुटी दुसऱ्या त्रुटीच्या वेष्टनात गुंडाळून येते, त्यामुळे मूळ कारण शोधण्यासाठी ते वेष्टन उलगडावे लागते.

तिसरे गृहीतक सर्वांत महत्त्वाचे आहे, ते परत येणाऱ्या वस्तूचे. 'क्रिएटइन्स्टन्स' जे परत देते त्याचा घोषित प्रकार केवळ 'ऑब्जेक्ट' असतो. आज्ञावली लिहिताना 'नियतकालिक' हा प्रकार माहीत नसल्याने 'भांडार<नियतकालिक>' असे रूपांतर लिहिता येत नाही. मग त्याचे 'भांडार<ऑब्जेक्ट>' मध्ये रूपांतर करण्याचा मोह होतो. विद्यार्थ्यांचे तर्कशास्त्र असे : प्रत्येक नियतकालिक हे ऑब्जेक्ट आहे, म्हणून नियतकालिकांचे भांडार हे ऑब्जेक्टांचे भांडार आहे. हा तर्क सकृद्दर्शनी निर्दोष वाटतो. परंतु तो मान्य केल्यास ऑब्जेक्टांच्या भांडारात कोणतीही वस्तू टाकता येईल आणि नियतकालिकांच्या भांडारात पुस्तके शिरतील. म्हणून रनटाइम हे रूपांतर नाकारतो. जेथे वस्तू केवळ बाहेर काढली जाते, अशा काही इंटरफेसांपुरतीच ही सवलत २०१० मधील सी शार्प ४.० ने दिली.

याचा अर्थ असा की, इन्स्टन्स निर्माण करणे हे काम अर्धेच आहे. त्याला कोणत्या नात्याने हाक मारायची हे आधी ठरलेले नसेल, तर त्याची प्रत्येक पद्धत पुन्हा रिफ्लेक्शननेच बोलवावी लागते आणि हा संसर्ग साऱ्या आज्ञावलीत पसरतो. याला योग्य उपाय म्हणजे 'भांडार' ला एक अ-जेनेरिक इंटरफेस देणे, रिफ्लेक्शन एकाच ठिकाणी, जणू वेशीवर, कोंडणे, तेथेच नाव, अट व कन्स्ट्रक्टर यांची तपासणी करणे आणि आत येणाऱ्या वस्तूला त्या इंटरफेसच्या ओळखीनेच प्रवेश देणे. वेशीच्या आत कंपायलरची हमी अबाधित राहते. हे तंत्र शिकविताना याच मर्यादेवर भर असावयास हवा.

६. बदलता संदर्भ

डॉटनेटचा मार्ग अधिक प्रामाणिक आहे, असे मत आतापर्यंतच्या विवेचनावरून बनते. परंतु त्यालाही एक आधार गृहीत आहे : आज्ञावली चालू असताना नवा यंत्रसंकेत घडवू शकणारा कंपायलर सोबत असणे. संदर्भ-प्रकारांसाठी डॉटनेट एकच सामायिक संकेत वापरते. मूल्य-प्रकारांसाठी, उदाहरणार्थ पूर्णांकांसाठी, मात्र प्रत्येक रूपाला स्वतंत्र संकेत लागतो. आयफोनसारख्या ज्या परिसरात ॲपला चालू अवस्थेत नवा संकेत घडविण्यास मज्जाव आहे, तेथे आधी कल्पना नसलेले मूल्य-प्रकाराचे रूप ऐनवेळी अपयशी ठरू शकते. २०२२ मधील डॉटनेट ७ ने पूर्वकंपाइल केलेल्या आज्ञावल्यांचा मार्ग अधिकृतपणे खुला केला, तेव्हा 'मेकजेनेरिकटाइप' या पद्धतीवर 'गतिशील संकेताची आवश्यकता' अशी सूचना लावण्यात आली. न वापरलेला भाग छाटून टाकणारी साधने तर, कोणीही थेट न बोलावलेला कन्स्ट्रक्टर निरुपयोगी समजून काढून टाकू शकतात. जावाच्या बाजूला ग्रालव्हीएमच्या नेटिव्ह इमेजमध्येही, रिफ्लेक्शनने काय हाताळले जाणार याची यादी आधी द्यावी लागते.

दोन भिन्न वाटांनी गेलेल्या या व्यवस्था अशा रीतीने एकाच ठिकाणी येऊन पोहोचल्या आहेत. 'नंतर ठरवू' असे म्हणणाऱ्याला आता 'काय काय ठरवू शकाल ते आधी सांगा' असे विचारले जाते. मग प्रश्न असा की, संभाव्य प्रकारांची यादी जर आधीच माहीत असेल, तर रिफ्लेक्शनची गरज तरी किती? ग्रंथालयाच्या आज्ञावलीत पुस्तक, नियतकालिक, विद्यार्थी असे मोजके प्रकार असतील, तर नावापुढे त्याचा निर्माता नोंदविणारा साधा कोश पुरेसा आहे. त्यातील प्रत्येक नोंद कंपायलर तपासतो. नवा प्रकार आला तर एक ओळ वाढवावी लागते, हे खरे. परंतु ती ओळ म्हणजे एका माणसाने जाणीवपूर्वक दिलेली संमती असते. जेथे प्रकार खरोखरच परक्या हातून येणार आहेत, म्हणजे प्लगइन, डेटाबेस-साधने, चाचणी-साधने यांमध्ये, तेथे रिफ्लेक्शनला पर्याय नाही आणि तेथेच त्याचे स्थान आहे.

७. अध्यापनाच्या अनुषंगाने

हा विषय केवळ तंत्राचा नाही. विद्यार्थ्यांचे प्रकल्प पाहताना असे वारंवार जाणवते की, कोठून तरी मिळालेल्या तीन ओळी आज्ञावलीत तंतोतंत उतरलेल्या असतात आणि त्या चालतातही. 'हा प्रकार सापडला नाही तर काय होईल?' असे विचारले असता उत्तर मिळत नाही. कंपायलरने दिलेली 'अनचेक्ड' ही सूचना दडपून टाकणारी ओळ मात्र त्यांना अचूक पाठ असते. दोष विद्यार्थ्यांचा नाही. प्रकार ही एक हमी आहे हे आपण त्यांना सांगितलेले नसते. प्रकार हे व्याकरण आहे एवढेच सांगितलेले असते. व्याकरण चुकले तर गुण जातात. हमी मोडली तर दुसऱ्या कोणाचे तरी काम अडते.

महानगरातील विद्यार्थ्याला ही समज पुढे नोकरीत अनुभवी सहकाऱ्यांकडून मिळण्याची शक्यता असते. किनवटसारख्या आदिवासीबहुल व डोंगराळ तालुक्यात शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी महाविद्यालयाची प्रयोगशाळा हीच बहुधा एकमेव जागा असते, जेथे त्याला 'का?' असे विचारणारा कोणी भेटतो. म्हणून दोन्ही घटक शिकवून झाल्यावर एक प्रात्यक्षिक दोघांच्या संयोगावर असावे, असे सुचवावेसे वाटते. त्यात एकच कृती जावा व सी शार्प या दोन्हींत करावी, मुद्दाम नाव चुकवावे, कन्स्ट्रक्टर बदलावा, चुकीची वस्तू आत टाकावी, आणि त्रुटी कोठे व केव्हा प्रकट झाली याची वहीत नोंद करावी. यासाठी वेगळ्या साधनसामग्रीची आवश्यकता नाही. दोन तासिका पुरेशा आहेत.

८. निष्कर्ष

१) रनटाइमला जेनेरिक इन्स्टन्स निर्माण करणे हे कंपायलरकडील जबाबदारी प्रोग्रॅमरकडे सोपविणारे हस्तांतर आहे, ते तसेच शिकविले गेले पाहिजे.

२) जावातील विलोपन व डॉटनेटमधील जतन यांतील भेद भूतकाळाशी ठेवावयाच्या सुसंगतीच्या निर्णयातून उद्भवला आहे. विलोपनात चूक आणि तिचे प्रकटीकरण यांत अंतर पडते. जतनात ते अंतर कमी होते, परंतु त्यासाठी रनटाइमवर अधिक विसंबावे लागते.

३) रिफ्लेक्शन एका वेशीपुरते मर्यादित ठेवावे, तेथेच सर्व तपासण्या कराव्यात आणि निर्माण झालेली वस्तू अ-जेनेरिक इंटरफेसच्या नात्याने आत घ्यावी.

४) संभाव्य प्रकारांची यादी आधी माहीत असल्यास साधा नोंदकोश अधिक श्रेयस्कर होय.

आपली आज्ञावली उद्या कोणीतरी वापरणार आहे आणि तिच्यातील चूक त्या व्यक्तीच्या पदरात पडणार आहे, ही जाणीव विद्यार्थ्यांमध्ये रुजविणे हे कोणत्याही भाषेच्या अध्यापनाचे अंतिम प्रयोजन होय. त्या जाणिवेची परीक्षा घेणारा याहून नेमका घटक अभ्यासक्रमात क्वचितच सापडेल.